कौलं कुणी बदलायची?

पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोडच्या आसपास काही दारांवर नोटिसा चिकटतात आणि सांगलीत तोच वाद नव्याने पेटतो: बाजारपेठेतल्या जुन्या इमारती दुरुस्त करायला मालकांना सरकारने मदत करावी का? वाद महत्त्वाचा आहे, पण तो घातला जातो ते ऐकून वैताग येतो. एक बाजू वारसावाल्यांची. त्यांना सागवानी कंस, महिरपी, लाकडी कठडे दिसतात. कठड्यामागचं गळकं छप्पर आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरची डझनभर वारसांची नावं दिसत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, पाडा आणि कॉम्प्लेक्स बांधा, जणू आजवर कुणी अडवलं म्हणूनच ते व्हायचं राहिलंय. तिसरी बाजू सर्वांत मोठ्या आवाजाची: पेठेतल्या शेठजींच्या माडीला आमच्या करातून पैसे कशासाठी? या तिघांपैकी क्वचितच कुणी त्या माडीवर चढून तुळईचं टोक बोटाने दाबून बघितलेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मदत द्यायला हवी. पण ती झालेल्या कामाच्या बिलावर द्यावी, छपरापासून सुरुवात करून द्यावी, आणि मालक व भाडेकरू दोघांनी एका कागदावर सह्या केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. यातली शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे आणि तिच्याबद्दलच आपल्याकडे कुणी बोलत नाही.

पेठेतली दुमजली इमारत पडते कशी, हे नीट पाहिलं की निम्मा वाद मिटतो. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, भिंती काही विटा-चुन्याच्या, काही पांढऱ्या मातीच्या, माथ्यावर मंगलोरी कौलं. सुरुवात होते दोन कौलं सरकण्यापासून, नाहीतर दोन छपरांमधली पत्र्याची पन्हळ गंजण्यापासून. पाणी भिंतीत उतरतं. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे वारा लागत नाही; ती जागा ओलीच राहते, लाकडाचा आतून भुसा होतो आणि बाहेरचा ऑइलपेंट मात्र तसाच चकाकत असतो. मग माडीची जमीन एका कोपऱ्यात झुकते आणि कुणीतरी खालून लोखंडी टेकू देतं. त्याच सुमाराला खालचा दुकानदार भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर टाइल्स बसवतो, म्हणजे ओल बाहेर पडायची उरलीसुरली वाटही बंद. दर्शनी बाजूला एसीपीचे (ॲल्युमिनियम-प्लास्टिकचे) पत्रे, आत एलईडी, काचेचं दार, फर्निचरवर काही लाख. आणि डोक्यावरच्या पन्हळीवर शून्य. पहिल्या वर्षी पत्रेवाल्याच्या एका दिवसाच्या कामात भागलं असतं, ते पुढे तुळया बदलण्यावर जातं आणि आणखी पुढे थेट नोटिशीवर.

मग वेळेत पन्हळ का बदलली जात नाही? मालक कंजूष म्हणून? काही असतीलही. पण एक अख्खी पेठ एकाच वेळी कंजूष होत नाही. कारण कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते योग्यही होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की एके काळी वाजवी असलेलं हे गोठवणं आता मनमानी झालं आहे. त्यानंतर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. महिना पाचशे भाड्यावर वीस रुपये! याच कायद्याप्रमाणे इमारत वापरण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम. त्याने ते केलं नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पाचशेच्या भाड्यात हा हिस्सा होतो दीड हजार. दीड हजारात आज सागवानाची तुळई सोडा, ती वर चढवायला लागणारी माणसंही मिळत नाहीत.

याहून वाईट गोष्ट दोघांच्या मनात चालते. मालकाला वाटतं, छप्पर नवं केलं तर कूळ आणखी तीस वर्षं पक्कं होईल. त्यापेक्षा पडू दे, पडली की कूळ सुटेल. भाडेकरूला वाटतं, मी खर्च केला आणि उद्या दावा हरलो तर सगळं पाण्यात. मालकाची ती आशाही कच्च्या पायावर उभी आहे: इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं. म्हणजे इमारत गेल्यावरही भांडण शिल्लकच राहतं. पेठेत मधूनच एखादी दाताच्या खिंडारासारखी मोकळी जागा दिसते, पत्रे ठोकलेली, आत एरंड वाढलेली. तिथे कॉम्प्लेक्स का उठलं नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा दिवाणी कोर्टाच्या कपाटात सापडेल.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. सार्वजनिक पैसा खाजगी मालमत्तेत का घालायचा? हा प्रश्न फालतू नाही. ज्या शहरात गटारांची कामं अपुरी आहेत, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत पुराचं पाणी आधी शिरतं आणि शेवटी ओसरतं, तिथे बाजारपेठेतल्या मालकाचा नंबर आधी लावणं अन्यायाचंच होईल. शिवाय या मालकांपैकी काहींची सांगलीच्या विश्रामबाग उपनगरात बंगल्यांची जोडी आहे, हेही खरं. पण मग याच जिल्ह्यातलं एक उदाहरण पाहा. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ठिबक सिंचनाचं अनुदान मिळतं. जमीन त्याची, बाग त्याची, नफा त्याचा. तरीही केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मान्य झालं, आणि त्यावर कुणी आरडाओरडा केला नाही. का? वाचणारं पाणी सगळ्यांचं असतं, म्हणून. अनुदान नळ्या अंथरून झाल्यावर, बिलं आणि पाहणी झाल्यावर मिळतं. हातात रोकड ठेवून कुणी निघून जात नाही. पेठेतली इमारत उभी राहते तेव्हा सार्वजनिक काय वाचतं? खालून चालणाऱ्या माणसाचा जीव वाचतो, हे एक. शेजारच्या इमारतीची सामाईक भिंत वाचते, हे दुसरं. पेठेत एक घर पाडलं की दोन्हीकडची घरं भेगाळतात. आणि तिसरं म्हणजे, दहा-वीस छोट्या गाळ्यांवर पोट असलेली हमाल, शिंपी, कारकून, चहावाली माणसं त्याच जागेवर राहतात.

बरं, पेठा बिनमदतीच्या आपोआप उगवल्या असं आपण समजतो, तेही खरं नाही. मराठेशाहीत पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल, म्हणजे सवलतीचं लेखी अभय, दिला जाई, येऊन वसणाऱ्या व्यापाऱ्याला काही वर्षं करात सूट मिळे. पुण्याच्या पेठा अशाच वसल्या. १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले तेव्हा हे कृष्णाकाठचं लहानसं गाव होतं. राजधानी आली, राजाश्रय मिळाला, तेव्हा बाजार भरला. सरकारने सवलत द्यायची आणि व्यापाऱ्याने भांडवल घालून जागा उभी करायची, हा करार दोन शतकांचा आहे. आज तो मोडलाय तो एकाच बाजूने.

मुंबईकडे पाहा. तिथेही हाच गोठलेल्या भाड्याचा कायदा होता, तिथेही चाळी पडत होत्या. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झालं, भाडेकरूंकडून उपकर घेऊन त्यात सरकारी भर घालून खाजगी इमारती दुरुस्त होऊ लागल्या. पुढे हे मंडळ म्हाडात गेलं. गिरगावातल्या भाडेकरूला ही सोय मिळाली. सांगलीतल्या, साताऱ्यातल्या, मिरजेतल्या भाडेकरूला का नाही? भाड्याचं बंधन राज्यभर आणि दुरुस्ती मंडळ फक्त मुंबई बेटावर, यात कोणतं तत्त्व आहे? त्या मंडळाचा कारभार आदर्श नव्हता, हे मी आधीच कबूल करतो. टेकू वर्षानुवर्षं तसेच राहिले, दुरुस्त म्हणवलेल्या इमारतीही पडल्या. तिथून उचलायचं ते इतकंच की खाजगी इमारत पडणं ही केवळ खाजगी बाब नाही, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच मान्य केलं आहे.

पुराचा मुद्दा मला सर्वांत जास्त छळतो. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी. २००५ साली कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली, २०१९ साली ५७ फुटांच्या, आणि दोन वर्षांनी २०२१ला पुन्हा पन्नाशी ओलांडून आली. मग जिथे पाणी येणारच तिथल्या जुन्या इमारती जपण्यात काय अर्थ, असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढता येत नाही. पांढऱ्या मातीची भिंत तीन-चार दिवस पाण्यात उभी राहिली की पायातून विरघळते. ते मी वारशाच्या प्रेमापोटी नाकारणार नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचंही, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांचंही, हेच झालं. हळद साठवायची इतकी हुशार सोय दुसरीकडे क्वचितच असेल, पण २००५ला पेवांत पाणी शिरलं आणि ती पद्धत जवळपास संपली. नदीने काही निर्णय आपल्या वतीने घेतलेले आहेत.

पण जुनी पाडून बांधलेल्या नव्या इमारतींनी पुराशी काय केलं? पार्किंगच्या नावाने तळघरं खोदली, नंतर त्यांत दुकानं थाटली, आणि तळघरातला माल वर न्यायला वेळही मिळाला नाही, जागाही नव्हती. जुन्या दुकानाला निदान उंच जोतं असतं, वर माडी असते. पुराचा निरोप आला की माल जिन्याने वर चढतो. विटा-चुन्याची भिंत आणि सागवान भिजून वाळलं तर टिकतं. वाळू दिलं तर. म्हणून मदतीत फरक करावाच लागेल. ज्या इमारतीच्या खालच्या मजल्याच्या भिंती मातीच्या आहेत, तिथे त्या काढून पुराच्या रेषेपर्यंत दगड किंवा पक्की वीट घालायला पैसे द्या आणि ते जमत नसेल तर सरळ उतरवायला परवानगी द्या. प्रत्येक जुनी इमारत वाचवलीच पाहिजे, असं म्हणणारा माणूस वाचवण्यासारख्या इमारतींचंही नुकसान करतो.

आणि पैसा आपण तसाही देतोच आहोत. महापुरानंतर नुकसानग्रस्त दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत मिळाली. द्यायलाच हवी होती. पण तो पैसा गेला भिजलेल्या मालासाठी आणि मोडलेल्या फर्निचरसाठी, म्हणजे पाणी ओसरल्यावर. ज्या भिंतीने तो माल सांभाळायचा तिच्यासाठी पुराच्या आधी एक पैसा नाही. पुढच्या पुरात पुन्हा तेच.

'पाडा आणि बांधा' म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: कुठे? पेठेतले प्लॉट बारा-पंधरा फूट रुंद आणि मागे बोळासारखे लांब. रस्ता रुंदीकरणाची रेषा पुढून काही फूट खाते. नव्या बांधकामाला पार्किंग दाखवावं लागतं. त्या रुंदीत चारचाकी वळणार कशी? दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून केलं तर जमेल, हे खरं आहे आणि काही ठिकाणी जमलंही आहे. पण त्यासाठी तीन घरांतले सगळे वारस आणि सगळे भाडेकरू एका टेबलाशी बसायला हवेत. एक बहीण नाशिकला, एक पुतण्या परदेशात, एक चुलता बोलतच नाही. याच कारणाने बँकेचं कर्जही मिळत नाही. तारण लिहून द्यायला सगळ्यांच्या सह्या लागतात. वीस लाखांच्या पुनर्बांधणीसाठी जे जमत नाही, ते दोन लाखांच्या छपरासाठी जमवता येईल, जर नियम तसा असेल: एका सहहिस्सेदाराने अर्ज करावा, इतरांना नोटीस जावी, ठरावीक मुदतीत लेखी हरकत आली नाही तर काम सुरू व्हावं.

मदतीच्या बाजूने बोलणारेही दोन-तीन भलत्याच गोष्टी मागतात, म्हणून त्यांच्याशीही भांडण. घरपट्टी माफ करा, ही आवडती घोषणा. पण जुन्या भाड्यावर बेतलेली घरपट्टी मुळातच किरकोळ. ती माफ करून छप्पर कसं होणार? दुसरी मागणी हस्तांतरणीय विकास हक्कांची, म्हणजे टीडीआरची: आपल्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकायचा. मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीने तो दिला, कारण तिथे प्रत्येक चौरस फुटाला गिऱ्हाईक आहे. कुपवाडकडे मोकळे प्लॉट पडलेले असताना सांगलीत तो कागद विकत घेणार कोण? तिसरी गोष्ट सुशोभीकरण. एकसारख्या पाट्या, दर्शनी भागाला रंग, दोन दिव्यांचे खांब. फोटो छान येतात, ठेकेदाराचं बिल निघतं, आणि पहिल्या पावसात रंगलेल्या भिंतीमागून ओघळ येतो. लोकांचा अशा योजनांवरचा अविश्वास हवेतून आलेला नाही.

अमेरिकेत १९७६ पासून जुन्या व्यापारी इमारती दुरुस्त करणाऱ्याला करसवलत आहे. १९८६ पासून ती खर्चाच्या २० टक्के. तिच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. इमारत उत्पन्न देणारी हवी, मालकाचं राहतं घर चालत नाही. काम आधी, सवलत नंतर. पाच वर्षांच्या आत विकली तर सवलतीचा हिस्सा परत वसूल. हे सगळं घेण्याजोगं. पण खर्च मोठा असल्याशिवाय ती सवलत मिळत नाही आणि ज्याला मुळात करच फारसा लागत नाही त्याला तिचा उपयोगही नाही. गणपती पेठेतल्या निवृत्त मास्तरांच्या वाट्याला आलेल्या गाळ्याला ती लागू पडली नसती. आपल्याला गरज छोट्या, रोख, पण कामानंतरच्या अनुदानाची.

आणि 'भाडे कायदा रद्द करा, बाजार बघून घेईल' म्हणणाऱ्यांनी मलेशियातल्या जॉर्जटाऊनचा इतिहास वाचावा. पेठेसारखीच तिथली दुमजली दुकान-घरं. २००० सालच्या पहिल्या दिवसापासून भाडे नियंत्रण उठलं, भाडी एकदम चढली, पिढ्यान्‌पिढ्यांचे छोटे दुकानदार बाहेर पडले आणि रिकाम्या इमारती तशाच गळत राहिल्या. पुढे २००८ साली जागतिक वारशाचा शिक्का मिळाला, आणि त्यानंतर दुरुस्तीसाठी छोटी अनुदानं द्यायची वेळ आलीच. बाजार मोकळा करणं आणि छप्पर नीट होणं यांत दुवा आपोआप जुळत नाही.

म्हणून ती सह्यांची अट. अनुदान हवं असेल तर मालक आणि भाडेकरू यांनी नोंदणीकृत करार करावा: दुरुस्तीनंतर भाडं किती आणि कशा टप्प्यांनी वाढेल, आणि ठरावीक वर्षं मालक ताब्याचा दावा लावणार नाही. भाडं वाढणार, हे भाडेकरूंनी मान्य करायला हवं. बाजारभावाच्या जागेत पाचशे रुपयांत बसून वर सार्वजनिक पैशाने छप्पर घ्यायचं, हे कुणालाच पटणार नाही. खर्चाचा काही वाटा भाडेकरूने उचलावा, काही मालकाने, उरलेला पालिकेने. आधी पन्हळ, कौलं, तुळयांची टोकं. ती झाल्याचा अभियंत्याचा दाखला आला की मगच दर्शनी लाकूडकामाला पैसे. वारसा यादीत नाव घालण्याची घाई करू नये. आज 'हेरिटेज' शब्द ऐकला की मालक घाबरतो, कारण आजवर त्या शब्दासोबत फक्त बंदी आलेली त्याने पाहिली आहे. एखाद्या रात्री सज्जा 'आपोआप' कोसळतो तो त्यामुळेच.

एक अडचण मात्र पैशाने सुटणारी नाही. तुळईचं कुजलेलं टोक कापून तिथे नवं लाकूड सांधणारा सुतार आणि चुन्याचा गिलावा जाणणारा गवंडी आता थोडे उरलेत, जे आहेत ते साठीच्या पुढचे. बाकीच्यांना तुळईऐवजी लोखंडी आय-बीम आणि चुन्याऐवजी सिमेंट एवढंच माहीत आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कुणी ते काम दिलंच नाही. निधीतला काही भाग पहिल्याच वर्षी या कारागिरांना शिकवण्याचं मानधन म्हणून द्यावा आणि आयटीआयमधली सुतारकामाची पोरं त्यांच्या हाताखाली पाठवावीत. पन्हळी बदलायचं काम तोवर थांबवायची गरज नाही. पत्रेवाले सांगलीत अजून भरपूर आहेत.